सोंडेखाली

धानाचा हंगाम लागला, मिलमध्ये मशीन आली, आणि त्याच आठवड्यात टिकारामच्या घरी जवयाची पंगत वेगळी झाली.

तसं कोणी बोललं नाही. आधी मनिष सासऱ्यासोबत आणि साळ्यासोबत जेवायला बसायचा. आता सासू सुंदरबाई त्या दोघांना आधी वाढायची. ते हात धुऊन ओसरीत गेले की चुलीकडं तोंड करून म्हणायची, "गुंजन, तुह्या नवऱ्याले सांग, भात आहे म्हणा." भात तोवर निवलेला असायचा. वरणाच्या गंजात पळी तळाला घासल्याचा आवाज यायचा. मनिष खाली मान घालून जेवायचा आणि आपलं ताट आपणच मोरीत नेऊन ठेवायचा.

खरं तर त्याला आसगावात आणलं होतं टिकारामनंच. मनिष जवाहरनगरच्या बाजूचा. नागपूरकडं रस्त्याच्या कामावर तो टेलिहँडलर, म्हणजे ओझं उचलायची मशीन, चालवायचा, त्याचं शिक्षण घेतलेलं होतं, चालवायचं कार्ड होतं. ते काम संपलं आणि तो घरी बसला. तेव्हाच पवनी रस्त्यावरच्या राइस मिलला असा माणूस पाहिजे होता. टिकाराम त्या मिलच्या हमालांचा मुकादम. त्यानं मॅनेजरजवळ शब्द टाकला, लेक-जवयाला घरात खोली दिली. मशीन म्हणजे कोंडा लोटायची काहीतरी लहान गाडी असेल, असं त्याला वाटलं होतं.

मग ट्रेलरवरून ती उतरली. चार मोठी चाकं, बाजूला काचेची केबिन, आणि पाठीवरून पुढं गेलेला लोखंडी हात. तो हात एकातून एक निघत लांब व्हायचा. टोकाला दोन सपाट दाते. गावानं पहिल्याच दिवशी तिला सोंडवाली म्हटलं. टिकारामची टोळी दिवसभर खांद्यावरून जेवढे धानाचे कट्टे पोत्यांच्या थप्पीवर चढवायची, तेवढे ती जेवणाच्या सुट्टीआधी चढवून मोकळी व्हायची. अर्धी टोळी घरी बसली. घरी बसलेले सकाळी टिकारामच्या अंगणात येऊन बसू लागले. बिड्या ओढायचे आणि मनिष डबा घेऊन निघाला की थुंकायचे.

कैलाशचं दुखणं निराळं होतं. टिकारामचा हा एकुलता मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. मशीन आपल्याला मिळावी म्हणून तो मॅनेजरकडं दोनदा जाऊन आला होता. मॅनेजर भूपेंद्र भंडाऱ्याहून मोटरसायकलनं यायचा. "कार्ड आन, मंग पाहू," म्हणाला होता.

"ट्रॅक्टरले चार चाकं, हिलेही चारच," कैलाश घरात मोठ्यानं म्हणायचा. "कार्डानं काय मशीन चालते?"

मनिष कामावर मात्र मान खाली घालायचा नाही. तिथं त्याचा आवाज चढायचा. दाते पोती रचलेल्या लाकडी पॅलेटखाली पार आतपर्यंत घालायचा, मागं जरा कलवून ओझं टेकवायचा, आणि चालताना ते जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचा. थप्पीपाशी पोचला की थांबायचा, केबिनमधल्या पातळीच्या नळीत बुडबुडा मधोमध आला का पाहायचा, आणि मगच सोंड वर करायचा. भूपेंद्र म्हणायचा, "दोन पॅलेट एकावर एक घे ना." मनिष मान हलवायचा. सोंड जवळ असताना जे ओझं मशीनला काहीच वाटत नाही, तेच सोंड लांबवली की तिला पुढं ओढतं. मागची चाकं हलकी होतात. "एकदा का उलटली, मंग धान बी गेलं अन् मी बी गेलो," एवढंच तो सांगायचा.

त्यानं चुन्यानं जमिनीवर रेघ मारली होती. सोंड वर असताना त्या रेघेच्या आत कोणी यायचं नाही. हमाल मुद्दाम यायचे. कोणाला रेघेच्या आतच लघवीला जायचं असायचं, कोणाची पोतं ओढायची आकडी तिथंच पडलेली असायची.

एक दिवस टिकाराम स्वतः आला. सोंड भरल्या पॅलेटसह वर गेलेली होती. तो सावकाश चालत तिच्या सावलीत आला, उभा राहिला आणि बिडी पेटवली.

मनिषनं भोंगा वाजवला. टिकारामनं काडी विझवली, खाली टाकली.

"मामाजी, सोंडेखालून बाहेर या."

"काहून? पडते का तुमची मशीन?"

"पडत नाही. पडली तर म्हणून."

"मी या जागेवर पोते वाहून राहिलो तवा तुमी शाळेत बी नव्हते जवाईबुवा." टिकाराम उकिडवा बसला आणि पायातला काटा पाहू लागला. काटा नव्हता. मागं हमाल हसले.

मनिषनं इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवून तो केबिनमध्ये बसून राहिला. ओझं वर तसंच. शेवटी भूपेंद्र ऑफिसातून ओरडत आला आणि ओरडला तो मनिषवरच. "काम काहून थांबवलं?" मनिषनं बोटानं खाली दाखवलं. भूपेंद्रनं पाहिलं आणि ऑफिसाकडं वळला. टिकाराम आपल्या वेळेनं उठला, धोतर झटकलं, गेला.

मिलच्या अंगणात सांडलेलं धान झाडायला बायका होत्या. त्यांच्यात गुंजन होती. तिनं हे सगळं झाडणी हातात धरून पाहिलं. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "चारचौघात बाबाले असं बसवून ठेवलं तुमी."

"मी बसवलं? तेच बसले."

"इंजिन बंद करायची काय गरज होती? थोडं थांबले असते."

"सोंड वर होती गुंजन."

"मले सोंड नका शिकवू. घरात मले राहायचं आहे."

भिंतीपलीकडं सुंदरबाईनं भांडं आपटलं.

मग आभाळ आलं. थंडीचे दिवस, पण सकाळपासून उकाड्यासारखा उबारा सुटला होता आणि पवनीकडून काळं चढत होतं. अंगणातली सगळ्यात उंच थप्पी नालीच्या बाजूला होती. जेवणानंतर वारा सुटला आणि त्या थप्पीवरची ताडपत्री एका बाजूनं सुटून फडफडू लागली. वरची रांग उघडी पडली.

पूर्वी हमाल थप्पी रचायचे तेव्हा एका अंगानं पायऱ्या ठेवायचे, त्यावरूनच चढायचे. मशीन आल्यापासून थप्पी चारही बाजूंनी सरळ जात होती. मिलमधली शिडी अर्ध्यापर्यंतच पोचायची.

"दात्यावर पॅलेट लाव," भूपेंद्र मनिषला म्हणाला. "एका माणसाले वर सोड. ताडपत्री वढली की खाली घे."

"मी माणूस नाही उचलत सर."

"पाच मिनिटाचं काम आहे."

"कठडा नाही, धरायले काही नाही. माणूस न्यायचा पाळणा वेगळा येते, तो मागवा म्हणून मी पहिल्या दिवशीच सांगतलं. नाहीतर पवनीहून लाइनमनची लंबी सिडी आणा."

"तोवर धान भिजते ना!"

हमाल जमले होते. टिकाराम पुढं आला. त्यानं डोक्याचा शेला सोडून कमरेला आवळला. "मी जातो वर. लावा पॅलेट."

"मामाजी, जमीन पाहा. तेथी नालीच्या मातीची भर आहे. मशीन तेथी उभी राहत नाही."

"मले जमीन दाखवतोस?"

जवयाला तो पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. सगळ्यांनी ऐकलं. मग टिकाराम थांबला नाही. "माह्या घरात झोपतोस, माह्या घरचा भात खातोस, अन् माह्याच पोट्ट्याइचं काम खाऊन मले शिकवतोस? मरद आहेस तर लाव मशीन. नाहीतर उतर खाली अन् बायकोसंग झाडणी घे."

बायकांकडं पाहून कोणीतरी हसलं. गुंजननं पदर तोंडावर ओढला.

मनिषचे कान लाल झाले. त्यानं चावी काढली, केबिनमधून उतरला, सरळ ऑफिसात गेला आणि ती टेबलावर आदळली. मागोमाग आलेल्या भूपेंद्रला म्हणाला, "तुमची मशीन, तुमची चावी. कोण उचलते ते उचला." आणि फाटकाबाहेर रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसला.

चहा हातात आला तेव्हा त्याला मशीन चालू झाल्याचा आवाज आला. त्यानं तिकडं पाहिलं नाही. इंजिन गरजेपेक्षा जास्त रेटलं जात होतं, ट्रॅक्टर चिखलातून काढताना रेटतात तसं. मग बारीक पिपाणीसारखा आवाज सुरू झाला. ओझं झेपेनासं झालं की मशीन तसं ओरडते. मनिषनं कप तिथंच सोडला आणि पळाला.

कैलाश केबिनमध्ये होता. मशीन थप्पी आणि नालीच्या मधे, भर टाकलेल्या जमिनीवर तिरपी उभी होती. सोंड पार लांबवलेली. टोकाला पॅलेटवर टिकाराम उभा, दोन्ही हातांनी ताडपत्रीची कड धरून. पुढचं एक चाक हळूहळू भरीत उतरत होतं आणि वर तो हातभर, दोन हात, बाजूला झुकत होता.

"आत घे!" मनिष धावता धावता ओरडला. "कैलाश, खाली नको घेऊ! सोंड आधी आत घे, आत!"

कैलाशनं ऐकलं की नाही, कोणास ठाऊक. बापाला लवकर जमिनीवर आणावं एवढंच त्याला सुचलं. त्यानं लांबवलेली सोंड तशीच खाली सोडली. जसजशी ती आडवी होत गेली तसतशी आणखी पुढं ओढू लागली. मागची चाकं उठली. त्याच वेळी वाऱ्यानं ताडपत्री फुगली. टिकारामनं ती सोडली नाही. पॅलेट खाली गेलं, तो ताडपत्रीला लटकला, थप्पीच्या कडेवर आपटला आणि नालीच्या काठाच्या दगडांवर पडला.

गुंजन तिथून दोन कासऱ्यांवर होती. तिच्या हातातली झाडणी तशीच राहिली.

कैलाश केबिनमधून उडी टाकून बापाकडं धावला. मशीन तशीच गुरगुरत, मागची चाकं अधांतरी ठेवून उभी. कधीही त्या माणसांवर कलंडली असती. मनिष वर चढला. सोंड इंच इंच आत घेतली. मागची चाकं धप्पकन जमिनीला टेकली. त्यानं इंजिन बंद केलं. रस्त्यावरची माणसं आत आली तेव्हा त्यांना मशीनवर बसलेला मनिष दिसला.

"कंबर वाकवू नका, फळीवर घ्या त्यांले," तो उतरत म्हणाला. टोळीतल्या एकानं त्याच्या छातीला हात लावून त्याला मागं लोटलं. टिकारामला त्यांनी हातापायाला धरून ट्रॉलीत टाकलं. तो जनावरासारखा ओरडला. पाऊस त्यानंतर सुरू झाला.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात टिकारामच्या पायाला वजन टांगलं. कंबरेचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, पण पोतं काही आता पाठीवर येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं.

भूपेंद्र रोज यायचा. फळं आणायचा. एकदा गुंजननं पाहिलं, व्हरांड्याच्या टोकाशी तो, कैलाश आणि सुंदरबाई उभे होते. भूपेंद्र हळू बोलत होता, कैलाश पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. गुंजन जवळ गेली तसं बोलणं थांबलं.

"काय म्हणे तो?" तिनं आईला विचारलं.

"काही नाही. बाबाची तब्येत पुसत होता."

दुसऱ्या दिवशी हवालदार मधुकरराव जबानी घ्यायला आले. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. सुंदरबाई पायाशी, कैलाश खिडकीशी, भूपेंद्र दारात. मनिष भिंतीला टेकून उभा होता. गुंजन बापाच्या उशाशी पाण्याचा गिलास घेऊन.

"मशीन कोण चालवत होता?" हवालदारांनी विचारलं.

टिकारामनं छताकडं पाहिलं.

"जवाई."

"कोणता जवाई?"

"हाच. मनिष."

मनिष भिंतीपासून सुटा झाला. "मामाजी?"

"अपघात झाला तेव्हा हाच केबिनमध्ये होता साहेब," भूपेंद्र दारातून म्हणाला. "रस्त्यावरच्या माणसाइनंही पाह्यलं. याच्याजवळ कार्ड आहे. दुसऱ्या कोणाले आम्ही मशीनले हात लावू देत नाही."

"कैलाश," मनिष म्हणाला, "तू तरी बोल ना बाप्पा."

कैलाश खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याची मान मागून दिसत होती, घामानं चकाकत असलेली.

हवालदारांनी लिहायला सुरुवात केली.

"साहेब," गुंजन म्हणाली. "मलेही पुसा ना."

"तू कोण?"

"बाबाची पोरगी. यायची बायको. मी नालीपाशी झाडून राहिली होती. सगळ्यात जवळ मीच होती."

"गुंजन, चूप राय," सुंदरबाई म्हणाली.

"मशीन माह्या भावानं चालवली."

"तुले भाऊ किती आहेत गं?" सुंदरबाईचा आवाज फाटला. "किती आहेत भाऊ तुले?"

"एकच आहे." गुंजननं गिलास खाली ठेवला. "साहेब, कैलाशनं चालवली. चावी मॅनेजरनं देल्ली त्याले, मी पाह्यलं. माह्या नवऱ्यानं माणूस उचलायले नाही म्हटलं होतं. अन् नाही म्हणून चावी टेबलावर फेकली अन् चहा प्यायले गेले. तेही लिवा. चावी खिशात ठेवली असती तर बाबा पडले नसते."

मनिषनं तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्याकडं पाहत नव्हती.

"खोटं बोलते," टिकाराम म्हणाला. पण तो तसा हळूच म्हणाला, आणि मधुकररावांनी वहीचं पान उलटवलं.

व्हरांड्यात कैलाशनं तिला गाठलं. "मले आत टाकतीस का तू? माह्या हातानं बाप मोडला, ते कमी आहे का मले?" तो रडत होता. ती त्याच्या खांद्याला हात लावायला गेली, तर त्यानं हात झटकला. सुंदरबाई आतून आली आणि तिनं गुंजनची पिशवी, चप्पल, टॉवेल, सगळं व्हरांड्याच्या फरशीवर आणून टाकलं.

बसस्टँडकडं चालताना मनिष म्हणाला, "माह्यासाठी घरच्यांशी वाकडं घेतलं तू."

"तुमच्यासाठी नाही घेतलं."

"मंग?"

"मी तेथी उभी होती. बाबा पडताना त्यायचे डोळे माह्याकडं होते. अन् जबानी घेताना त्या खोलीत कोणाले वाटलंच नाही की इलेही पुसावं." ती थोडं चालली. "अन् तुमाले मी सोडलं नाही चावीवरून. ध्यानात ठेवा."

बस येईपर्यंत मनिष आपले मोकळे हात पाहत उभा होता.

केस झाली. कैलाशवर आणि भूपेंद्रवर. कैलाश जामिनावर सुटून घरी आला. मिलनं मनिषला काढून टाकलं, कारण काही सांगितलं नाही. भंडाऱ्याबाहेरच्या एका गोदामात त्याला काम लागलं. पुन्हा सोंड, पुन्हा पॅलेट. तिथले हमाल त्याला ओळखत नव्हते, तरी आसगावची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. चावी आता तो गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायचा आणि लघवीला जातानाही काढायचा नाही. दोघं एका खोलीत राहत होते. ते एकमेकांशी बोलायचे, पण मधे ओझं ठेवून बोलल्यासारखे.

उन्हाळा लागता लागता गावाकडून निरोप आला. गुंजनची लग्नातली पेटी तिथंच होती, ती घेऊन जा म्हणून. नाहीतर बाहेर ठेवतो.

दोघं गेले तेव्हा दुपार चढत होती. टिकारामची खाट अंगणात होती. सकाळी सावलीत टाकलेली, पण आता ऊन सरकून त्याच्या छातीवर आलं होतं. तो खूप आटला होता. खांद्यावरचा पोत्यानं पडलेला घट्टा तेवढा तसाच होता. सुंदरबाई एका बाजूनं खाट ओढायला पाहत होती आणि खाट जागची हलत नव्हती, नुसती करकरत होती.

कैलाश ओसरीत बसला होता. मनिषला फाटकात पाहिलं तसा तो उठला, चप्पल पायात सरकवली आणि मागच्या दारानं निघून गेला. सुंदरबाईनं "कैलाश" म्हणून हाक मारली. तो वळला नाही.

कोणी या म्हटलं नाही. मनिष उन्हात उभा राहिला. गुंजन आत पेटी आणायला गेली. सुंदरबाईनं पुन्हा खाट ओढली. टिकारामच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं.

मनिषनं पायातल्या चपला काढल्या आणि उशाकडून खाटेच्या चौकटीचे दोन्ही लाकडी गाते धरले. टिकारामनं डोळे उघडून त्याला उलटं पाहिलं.

"हात नको लावू," तो म्हणाला.

"ऊन लागून राहिलं मामाजी."

"लागू दे."

सुंदरबाई पायथ्याशी उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, जवयाकडं पाहिलं नाही, आणि वाकून गाते धरले. मनिष म्हणाला, "संगच उचला मामी. आधी वर, मंग चाला." दोघांनी खाट उचलली. टिकारामनं दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मुठीत आवळल्या. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. ते पावला पावलानं गेले आणि पेरूच्या झाडाखाली त्यांनी खाट चारही पायांवर एकदम टेकवली.

टिकारामनं दोऱ्या सोडायला वेळ लावला.

"झालं," तो म्हणाला. "जा आता."

मनिष चपला घालून फाटकाबाहेर गेला.

गुंजननं पेटी ओसरीच्या काठावर आणली होती. लुगड्यांनी आणि भांड्यांनी ती जड होती. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, खाली बसली, पण पेटी एकटीला डोक्यावर घेता येईना. दोनदा तिनं करून पाहिलं. सुंदरबाई लांबून पाहत होती. मग ती आली, एका बाजूनं हात लावला, पेटी लेकीच्या डोक्यावर चढवली आणि चुंबळ नीट केली. तिचा हात क्षणभर गुंजनच्या कानाशी राहिला. गुंजननं काही म्हणायला तोंड उघडलं, तशी सुंदरबाई पाठ फिरवून चुलीकडं गेली.

फाटक लागल्याचा आवाज आला.

"गेली का?" झाडाखालून टिकारामनं विचारलं.

"गेली," सुंदरबाई आतून म्हणाली.